कान ठणकतोय? तेल ओतायच्या आधी हे बघा

कान ठणकायला लागला की आपल्याकडे पहिली धाव स्वयंपाकघरात, लसूण घालून तेल कोमट करायचं आणि ओतायचं कानात. नका करू. पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते तेल थेट आत जातं, आणि बुरशी असेल तर ओलाव्याने ती आणखीच माजते.

आधी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबून बघा, मग कान धरून हलकेच ओढा. जीव कळवळला तर बहुतेक बाहेरच्या नळीचं इन्फेक्शन, पोहणाऱ्यांना आणि बड्सने कान कोरणाऱ्यांना हमखास होणारं. यात डॉक्टर कान साफ करून ड्रॉप्स देतात, गोळ्या सहसा लागतच नाहीत.

पावसाळ्यात बुरशीवाले पेशंट वाढतात. दुखण्यापेक्षा खाज जास्त, कान गच्च, आत भिजलेल्या पेपरसारखा लगदा आणि कधी त्यात काळे ठिपके. इथे घरातले उरलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स टाकले तर बुरशीला रानच मोकळं मिळतं, त्यापेक्षा डॉक्टरांकडून कान साफ करून घ्या, मग ते बुरशीवरचे क्लोट्रिमाझोलचे ड्रॉप्स देतात, ते खाज थांबली म्हणून मधेच सोडायचे नाहीत.

लहान मुलांचं वेगळं. नाकामागून कानाकडे जाणारी नळी त्यांच्यात आखूड आणि आडवी असते त्यामुळे सर्दी झाली की मधल्या कानात पू साठतो, पोर रात्री रडत उठतं, ताप येतो. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसात 6 तास तरी अंतर. 2 वर्षांच्या वरच्या मुलाला दुखणं आणि ताप कमी असेल तर डॉक्टर बरेचदा 2-3 दिवस वाट बघायला सांगतात, लगेच अँटिबायोटिक मागू नका. 6 महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मात्र वाट बघत बसू नका. आणि रडणं अचानक थांबलं, उशीवर पू दिसला, तर पडदा फाटलाय, बहुतेक वेळा आपोआप भरतो पण दाखवायचंच, आणि तोवर कानात पाणी किंवा मनाने कुठलेही ड्रॉप्स नकोत.

ड्रॉप्स दिलेच असतील तर बाटली मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपून मोठ्यांचा कान वर-मागे ओढायचा, तान्ह्यांचा खाली-मागे, आणि 3-5 मिनिटं तसंच पडून राहायचं. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस.

कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, गरगरणं, किंवा डायबिटीस असून रात्री झोपू न देणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे जा.