ऑर्किड फुललं, पण वास कुठंय? सुगंधी ऑर्किड लावताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात विश्रामबागेतल्या ओळखीच्या एका वहिनींनी मला मुद्दाम घरी बोलावलं. त्यांच्या ऑर्किडला पहिल्यांदा फुलं आली होती. पांढरीशुभ्र, तळहाताएवढी. पण वहिनींचा चेहरा उतरलेला. "अहो, ऑर्किडला वास असतो म्हणून घेतलं होतं. याला तर काहीच नाही. खत कमी पडलं का?"

खत कमी पडलं नव्हतं. ते फॅलेनॉप्सिस होतं, आणि नर्सरीत मिळणारे त्याचे बहुतेक संकर रंग, आकार आणि टिकाऊपणा बघून केलेले असतात. वास त्यात नसतो किंवा अगदी नावापुरता असतो. म्हणजे पहिली चूक रोप घ्यायच्या आधीच होते: आपण फूल बघतो, जात विचारत नाही. सुगंधच हवा असेल तर नाव घेऊन मागा. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी आणि एरिडिस, वांदा टेसेलाटा, कॅटलियाचे सुगंधी संकर, चॉकलेटसारखा वास येणारं ऑन्सिडियम 'शॅरी बेबी', ओल्या नारळाची आठवण करून देणारं मॅक्सिलारिया टेन्युइफोलिया, रातराणीसारखं अंधारात दरवळणारं ब्रासावोला नोडोसा. डेंड्रोबियम अनोस्ममसुद्धा घ्या. नावाचा अर्थ 'वास नसलेलं' असा आहे, पण फुललं की अख्खी गॅलरी गोड फळांच्या वासाने भरते.

जात बरोबर आहे, फूल आलंय, तरी वास नाही? मग वेळ तपासा. ब्रासावोलाचं फूल रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी असतं, दुपारी नाक लावून काही मिळणार नाही. रात्री नऊच्या सुमारास गॅलरीत जा. कॅटलियाचं उलट, तिचा भर सकाळी. शिवाय काही फुलांना उमलल्यावर दोन-तीन दिवसांनी वास धरतो, तेवढा धीर ठेवा.

पाणी: सांगली भागातली सगळ्यात मोठी चूक

माझी पहिली कॅटलिया मी बोअरच्या पाण्याने गमावली. आधी कुंडीच्या कडेला पांढरट-पिवळी खपली धरली. मग पानांची टोकं करपली, मुळांची हिरवी टोकं काळी पडली. मी बुरशी समजून औषध फवारत बसले. शेवटी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं छोटं यंत्र) आणून पाणी मोजलं तर आकडा 900 च्या वर. ज्या क्षारांनी कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी खराब केल्या, तेच मी रोज मगाने ओतत होते.

ऑर्किडला टीडीएस 200 च्या आतलं पाणी उत्तम, 500 च्या वरचं टाळायचंच. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या एक-दोन सरी गच्ची धुऊन जाऊ द्या, नंतरचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवा. घरात आरओ असेल तर शुद्ध पाणी थोडं वापरा. पण त्याच्या बारीक नळीतून जे पाणी वाया जातं ते चुकूनही नको. "वाया कशाला घालवायचं" म्हणून पुष्कळ जण तेच झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

पानं सुरकुतली म्हणून पाणी वाढवू नका

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पानं मऊ पडतात, सुरकुततात, माणूस घाबरून पाणी वाढवतो आणि रोप आठवड्याभरात जातं. पाणी कमी पडलं तरी पानं सुरकुततात आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरीही सुरकुततात. कारण कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. म्हणून आधी मूळ बघा.

रोप अलगद बाहेर काढा आणि एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबा. निरोगी मूळ टणक लागतं. कोरडं असताना ते रुपेरी-पांढरं दिसतं, पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं. कुजलेलं मूळ तपकिरी आणि लिबलिबीत असतं. जरा ओढलं की वरची साल मोज्यासारखी सरकून हातात येते, आत नुसता दोरा राहतो. तशी मुळं गॅसवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा, कापलेल्या जागी चिमूटभर दालचिनी पूड लावा, एक दिवस सावलीत उघडं ठेवा आणि नव्या कोरड्या माध्यमात (मातीऐवजी कुंडीत भरायच्या तुकड्यांत, ते खाली सांगते) बसवा. नवीन मुळं फुटेपर्यंत खत बंद.

मुळात मुळं कुजतात ती बहुधा मातीमुळे. यातली बरीचशी ऑर्किडं झाडाच्या फांदीवर वाढणारी. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. तुळशीसारखं काळ्या मातीत आणि शेणखतात लावलं की ती गुदमरतात. लाकडी कोळशाचे तुकडे, फुटक्या विटांचे सुपारीएवढे खडे आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे घ्या. सोडणं दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायची, म्हणजे त्यातले क्षार आणि तपकिरी रंग निघून जातो. कुंडीला बाजूनेही भोकं हवीत, खाली बशी नको. वांदाला तर माध्यमही लागत नाही, लाकडी टोपलीत टांगा आणि उन्हाळ्यात रोज सकाळी मुळं दहा मिनिटं बादलीत बुडवा.

खताबद्दल एवढंच: तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेमुळे 19:19:19 बऱ्याच घरांत असतं. ते चालतं, पण बागेच्या हिशोबाने नाही. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही रोप वाढत असतानाच. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवा.

उजेड आणि ऋतू

हॉलच्या कोपऱ्यात ऑर्किड शोभून दिसतं, पण तिथे ते फुलत नाही. आणि ज्या रोपाच्या अंगात ताकद नाही त्याच्या फुलाला वासही बेताचाच. पानाचा रंग सांगतो. गर्द हिरवं पान म्हणजे उजेड कमी, पोपटी म्हणजे बरोबर, काळपट कोरडा डाग म्हणजे करपलं. सकाळचं दोन तास कोवळं ऊन आणि नंतर 50 टक्क्यांची शेडनेट, हे कॅटलिया-वांदाला मानवतं. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला जातो तेव्हा दुपारी पानाला हात लावून बघा. चटका बसला तर लगेच सावलीत घ्या आणि खालची फरशी ओली ठेवा.

साताऱ्याकडची अडचण वेगळी. तिथे पावसाळ्यात झड लागली की आठवडा आठवडा रोप सुकत नाही, शेंड्यात पाणी साचून कुजतं. चार दिवस सलग पाऊस असेल तर छपराखाली घ्या, टांगलेलं रोप जरा तिरकं बांधा. थंडीत डेंड्रोबियम अनोस्ममची पानं पिवळी होऊन गळतात आणि नुसत्या काड्या लोंबतात. घाबरू नका, पाणीही वाढवू नका, उलट अगदी कमी करा. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच उघड्या काड्यांवर कळ्या येतात. मेलं समजून लोक ते नेमकं जानेवारीत फेकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मे महिन्यात ज्या खोलीत आंब्याची अढी लावलीय तिथे फुललेलं ऑर्किड ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने महिनाभर टिकणारं फूल दोन दिवसांत मलूल होतं. देवघरातल्या उदबत्तीच्या धुरापासूनही लांब ठेवा.

आणि कासला गेलात तर फुलं तिथेच बघा. साताऱ्याहून तासाभराच्या अंतरावरचं हे पठार 2012 पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या जमिनीतल्या आमरी, म्हणजे ऑर्किडं, त्या मातीतल्या बुरशीशी जोडलेल्या असतात, कंद उकरून कुंडीत आणला तर जगत नाही. जांभळा-आंब्याच्या फांदीवरून ओरबाडून आणलेलं एरिडिससुद्धा निम्मी मुळं तुटून येतं. कुणी असं रोप स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. एरिडिस आणि सीतेची वेणी प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली मिळते. रोप लहान असतं, फुलायला काही वर्षं लागतात, पण मुळं शाबूत असतात. नर्सरीत तेच मागा आणि घेताना कुंडी उचलून खालून मुळं बघा.