खानापूरच्या जंगलाचे जुने नकाशे कसे वाचावेत

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचे जंगल जुन्या नकाशावर पाहायचे असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची '४८ आय' या क्रमांकाची पत्रके मिळवावीत. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी हा सारा टापू त्यांत येतो. जुनी पत्रके मैलाला एक इंच, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणाची असून त्यांतील उंची फुटांत असते. नंतरची १:५०,००० प्रमाणाची व मीटरमधील उंचीची असल्यामुळे दोन्हींच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकमेकींवर बसत नाहीत आणि तेवढ्यावरून डोंगर बदलला असे मानू नये.

सर्वप्रथम समासातील मजकूर वाचावा. छपाईचे साल आणि मोजणीचे साल वेगळे असू शकते, आणि जंगलाच्या अभ्यासाला मोजणीचेच साल कामाचे असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला; मात्र मथळ्यात म्हैसूर दिसले म्हणून आतील झाडीही त्यानंतरची समजणे धोक्याचे आहे, कारण पुनर्मुद्रणात सीमा सुधारून बाकीचा तपशील जुन्या मोजणीचाच ठेवलेला असू शकतो.

हिरवा रंग झाडी कोठवर होती एवढेच सांगतो. ती किती दाट होती किंवा कोणत्या जातीची होती, हे त्यावरून ठरवता येत नाही. राखीव जंगलाची हद्द ही सरकारी रेषा आहे, झाडीची कड नव्हे, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर उतरवून घ्याव्यात. हद्दीच्या आत पांढरी जागा दिसली, तर तेथे शेत, गवताळ सडा की वस्ती होती, याची चौकशी गावातील वृद्धांकडे करावी.

ओढ्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. बारमाही पाणी निळ्या आणि कोरडे पात्र काळ्या रेषेने दाखवण्याची या नकाशांत पद्धत आहे. मोजणीदार पावसाळा संपल्यावर रानात उतरत, त्यामुळे आषाढात दुथडी भरून वाहणारा नालाही नकाशावर काळा असू शकतो. एखादी जुनी निळी रेषा आज उन्हाळ्यात कोरडी आढळली, तरच पुढील तपासाला जागा आहे.

संगणकावर नकाशा बसवताना कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश वापरावेत; मात्र ते एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रारूपावर, आधारित असल्याने क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीमध्ये त्याच्याशी जुळणारा कल्याणपूर आधार (डेटम) निवडावा, अन्यथा सगळे स्थान सरकते. नंतर डोंगरमाथ्यावरील त्रिकोणमितीय खूण किंवा दोन ओढ्यांचा संगम घेऊन पडताळा घ्यावा. पायवाटा यासाठी निरुपयोगी आहेत. भीमगड अभयारण्यात प्रत्यक्ष पडताळणीसाठी जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.