रडारवरचा स्पीड कोर्टात कसा तपासून घ्यायचा

रडार गनने (लांबून गाडीचा स्पीड मोजणारं पोलिसांचं यंत्र) ओव्हरस्पीड दाखवला म्हणून झालेल्या दंडाविरुद्ध लढायचं ठरवलं असेल तर तो दंड आधी भरून टाकू नका, बऱ्याच ठिकाणी पैसे भरले की गुन्हा कबूल केला असंच धरतात. पावतीवरची मुदत बघा आणि त्याच्या आत मान्य नाही म्हणून कळवा.

मग लेखी अर्ज देऊन कागद मागा: रडार गनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (गन बरोबर मोजते हे तपासल्याचा दाखला), त्या दिवशीच्या टेस्टची नोंद, गन चालवणाऱ्याच्या ट्रेनिंगचा दाखला आणि त्या मॉडेलचं मॅन्युअल. मला विचाराल तर मॅन्युअल सगळ्यात महत्त्वाचं, कारण गन कशी तपासायची हे कंपनीनेच त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच गनसोबत ट्यूनिंग फोर्क (आपटला की ठरावीक कंप देणारा धातूचा दोनदाती काटा) येतो, तो आपटून गनसमोर धरला की त्यावर कोरलेला स्पीडच स्क्रीनवर दिसला पाहिजे. हे केलं होतं का नुसतं सेल्फ टेस्टचं बटण दाबलं, हे विचाराच.

आता खरा मुद्दा. रडारला नंबरप्लेट दिसत नाही, बीम, म्हणजे गनमधून निघणारा लहरींचा झोत, टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो, १२ अंशांचा बीम ३०० मीटरवर साधारण ६३ मीटर रुंद होतो, म्हणजे सगळ्या लेन त्यात आल्या, आणि तुमच्या मागून मोठा ट्रक जोरात येत असेल तर आकडा त्याचाही असू शकतो. म्हणून जिथे गन होती तिथे उभं राहून रस्त्याचे फोटो काढून ठेवा आणि साक्षीत गन चालवणाऱ्याला विचारा, आजूबाजूला किती गाड्या होत्या, आकडा दिसायच्या आधी डोळ्यांनी काय अंदाज केला होता, किती सेकंद गाडीवर नजर होती.

गन तिरकी धरली होती हा मुद्दा मात्र काढू नका, उभ्या पोलीसगाडीतून तिरकं मोजलं तर स्पीड कमीच दिसतो, १०० ची गाडी ३० अंशांतून ८७ च्या आसपास. पोलीसगाडी चालती असेल तर गोष्ट वेगळी, समोरून येणाऱ्या गाडीचा स्पीड काढताना गनने पोलिसांचा स्वतःचा स्पीड कमी धरला तर तो फरक तुमच्या नावावर चढतो, तेव्हा गनवरचा आकडा त्यांच्या स्पीडोमीटरशी जुळवला होता का ते विचारा.

खोटं काही सांगू नका, पण "थोडासाच जास्त होता हो" असंही बोलून जाऊ नका, ती कबुलीच होते.