वाळक्या चाऱ्याच्या दिवसांत 'अ' जीवनसत्त्व: गाईच्या लोण्याचा रंग पाहा

मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत बहुतेक कोरडवाहू गावांत दावणीला कडबा, गव्हाचे काड नाहीतर सोयाबीनचे भुसकट एवढेच असते. पोट भरते, रवंथ चालते, दूधही सुरुवातीला फारसे घटत नाही. उणीव असते ती चाऱ्याच्या हिरवेपणात. बीटा कॅरोटीन हा पिवळा रंगकण हिरव्या पानात भरपूर असतो आणि जनावर त्यापासून आतड्यात व यकृतात 'अ' जीवनसत्त्व बनवते. ऊन आणि हवा लागली की हा रंगकण मोडतो. चार-सहा महिने गंजीत पडून पांढरट झालेल्या कडब्यात तो जवळजवळ उरतच नाही.

ही उणीव घरच्या घरी ओळखायची सर्वात सोपी खूण म्हणजे गाईचे लोणी. काही कॅरोटीन तसेच दुधाच्या स्निग्धांशात उतरते, म्हणून हिरव्या चाऱ्यावरच्या गाईचे लोणी पिवळे असते. हिरवा चारा तुटला की ते फिकट होत जाते. ही खूण म्हशीला लागू नाही. म्हैस कॅरोटीनचे पूर्ण रूपांतर करते, त्यामुळे तिचे लोणी बाराही महिने पांढरेच. शेळीचेही तसेच. या दोघींच्या बाबतीत चाऱ्याचा रंगच पाहावा लागतो.

गरज किती? गाईला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ११० एकक (जीवनसत्त्व मोजायचे आंतरराष्ट्रीय माप) 'अ' जीवनसत्त्व लागते. ४०० किलोच्या गाईचा हिशेब ४४,००० एककांवर जातो. १ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनपासून गाईला साधारण ४०० एकक मिळतात, म्हणजे रोज ११० मिलिग्रॅम कॅरोटीन पोटात जायला हवे. शेवग्याच्या १ किलो ताज्या पाल्यात निदान ६० मिलिग्रॅम असते, तेव्हा २ किलो पाला पुरतो. लसूणघास असेल तर ४ ते ५ किलो. अख्खा दिवस हिरवे द्यायला पाणी नाही म्हणून अनेक जण हिरवे देणे बंदच करून टाकतात. तेवढे टाळा. एका गाईमागे दोन पेंढ्या हिरवे हे खाद्य म्हणून नगण्य असेल, पण जीवनसत्त्व म्हणून पुरेसे आहे.

यकृतात साठा असतो. पावसाळा आणि रब्बीत हिरवे खाल्लेले मोठे जनावर दोन ते चार महिने त्यावर काढते. म्हणून ज्या गावात हिरवे डिसेंबरातच संपले तिथे तक्रारी एप्रिलात दिसू लागतात, आणि बागायतीत फेब्रुवारीपर्यंत घास असेल तर मे-जूनमध्ये. वासरांचा साठा फारच थोडा, ती आधी सापडतात. यकृतात पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत) असतील तर रूपांतर आणि साठवण दोन्ही बिघडते, त्यामुळे ओढ्याकाठी, तळ्याकाठी चरणाऱ्या जनावरांचे शेण तपासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

लक्षणे याच क्रमाने येतील असे नाही, पण पहिली खूण बहुधा रात्रीची असते. अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी डोळ्यातला जो रंगकण लागतो तो 'अ' जीवनसत्त्वापासूनच बनतो. तिन्हीसांजेला गोठ्यात येताना जनावर गव्हाणीला धडकते, उंबऱ्याशी थबकते. शंका आली तर वाटेत एक ओंडका आडवा टाकून पाहा. याच जीवनसत्त्वावर कातडीचे, श्वासनलिकेचे आणि गर्भाशयाचे ओलसर अस्तर टिकते. ते खरखरीत झाले की डोळ्यांतून पाणी, कातडीवर कोंड्यासारखे पापुद्रे, वासरांना वारंवार हगवण व खोकला, आणि गाईम्हशींत वार अडकणे, गाभडणे, उलटणे (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणे). उलटण्याला इतर दहा कारणे असतात हेही खरे. पण उन्हाळ्याच्या शेवटी गोठ्यातली दोन-तीन जनावरे एकदम उलटू लागली तर आधी गव्हाणीत डोकवा.

१९०७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १६ कालवडींवर एक प्रयोग सुरू झाला. एका गटाला फक्त गव्हाच्या झाडाचा आहार, एकाला ओटचा, एकाला मक्याचा, आणि चौथ्याला तिन्हींचा मिसळून. कागदावर सगळ्यांची प्रथिने आणि ऊर्जा सारखीच. मक्यावरच्या गाईंना धडधाकट वासरे झाली, तर गव्हावरच्या गाईंची मेलेली किंवा आंधळी जन्मली. आपल्याकडे 'सुग्रास (तयार पशुखाद्य) तर देतो, मग कमी काय पडले' असे विचारले जाते, त्याचे उत्तर तिथेच आहे.

आंधळेपणा दिसला तर एक तपासणी घरीच करा. जनावर अंधाऱ्या जागी न्या आणि मोबाइलच्या बॅटरीचा झोत डोळ्यावर टाका. बाहुली मोठी आणि तशीच राहिली, आकसली नाही, तर वासरात 'अ' जीवनसत्त्वाच्या जुन्या कमतरतेचा संशय घ्यावा. वाढत्या वासरात डोळ्याची नस ज्या हाडाच्या छिद्रातून जाते ते अरुंद होऊन नस दाबली जाते, आणि अशी गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. बाहुली आकसते, तरीही जनावराला दिसत नाही, ते भिंतीला डोके टेकवून उभे राहते किंवा मान मागे टाकते, तर प्रकरण वेगळे आहे: ते 'ब-१' म्हणजे थायमिनच्या कमतरतेचे असू शकते आणि त्यात तास मोजावे लागतात.

लग्नसराईत हे हमखास होते. मांडवातला उरलेला भात, पुऱ्या, जिलेबी घमेल्याने जनावरापुढे ओतली जाते. एरवी 'ब' गटातली जीवनसत्त्वे पोटातले जिवाणू स्वतःच बनवतात, बाहेरून द्यावी लागत नाहीत. पिठूळ व गोड अन्न एकदम पडले की पोटात आम्ल वाढते, नेहमीचे जिवाणू मरतात आणि थायमिन तोडणारे जिवाणू माजतात. मेंदूला इंधन जाळायला थायमिन लागते, ते आटले की मेंदूला सूज येते. पशुवैद्यकाला तातडीने बोलवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. थायमिनची इंजेक्शने वेळेत मिळाली तर जनावर उभे राहते. करडा-वासरांना रक्ती हगवणीसाठी अँप्रोलियम दिले जाते, ते थायमिनचाच मार्ग अडवते. सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त देऊ नका.

आता हिरवे कसे राखायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांच्याकडे घास आहे त्यांनी तो रखरखीत उन्हात पसरू नये. कापून काही तास वावरात कोमेजू द्या, मग छपराखाली किंवा झाडाच्या सावलीत पातळ थरात वाळवा. उलटापालट सकाळी, पाने थोडी नरम असताना करा. दुपारी हलवला की पाने गळून जमिनीवर राहतात आणि हातात नुसत्या काड्या येतात. कॅरोटीन तर पानात असते. वाळला तरी घास हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी झाला तर त्याला कडब्याइतकीच किंमत द्या. मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) दाणा चिकात असताना, हवा पूर्ण काढून दाबला असेल तर कडब्यापेक्षा कितीतरी जास्त कॅरोटीन टिकवतो. तोंड उघडल्यावर रोज थर काढा, उरलेला लगेच झाका.

बांधावरचा शेवगा, शेवरी, हदगा यांचा पाला उन्हाळ्यातला खरा आधार. सुबाभूळ चालते, पण तिच्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच ठेवा. ओला घास उपाशीपोटी दिला तर पोट फुगते, आधी कडबा टाका. पाण्याच्या ताणातली गुडघाभर ज्वारी मात्र हिरवी दिसते म्हणून कापू नका, कोवळ्या पोंग्यांत विषारी आम्ल असते. अॅझोला (पाण्यावर तरंगणारी नेचेवर्गीय वनस्पती) साठी शेण घातलेल्या पाण्याचा १० चौरस मीटरचा वाफा, वर शेडनेट; त्यातून रोज २ किलोच्या आसपास निघतो. भर उन्हात वाढ मंदावते. शेणाचा वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात धुऊन मगच खाद्यात मिसळा.

हिरवे थोडेच असेल तर वाटणीचा क्रम ठरलेला असावा: आधी गाभणीच्या शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाईम्हशी, मग वाढती वासरे, मग दुभती, शेवटी बैल. कारण 'अ' जीवनसत्त्व वारेतून गर्भाला फारसे पोचत नाही. वासराला ते चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातून मिळते, आणि आईच्या यकृतातच नसेल तर चिकातही उतरत नाही. ३० किलोच्या वासराला ३ लिटर चीक हवा, त्यातला निम्मा जन्मल्यापासून दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. वार पडायची वाट पाहत चीक थांबवू नका.

बाटल्यांबद्दल थोडे. खनिज मिश्रण म्हणजे जीवनसत्त्व नव्हे; पिशवीवर 'अ' जीवनसत्त्वाचे एकक छापलेले नसतील तर त्यात ते नाही असे समजा. छापलेले असले तरी तांबे-लोहाच्या क्षारांसोबत, पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या पिशवीत ते झपाट्याने नासते. एका हंगामापुरतीच पिशवी घ्या. अ-ड-ई चे द्रावण सावलीत ठेवा, पाण्याच्या हौदात न टाकता आंबोणात मिसळून लगेच खाऊ घाला. बद्धकोष्ठावर लिक्विड पॅराफिन वारंवार पाजले तर ही तेलात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याच्याबरोबर शेणातून निघून जातात. 'अ' जास्त झाले तर लघवीवाटे जात नाही, साठत जाते, म्हणून इंजेक्शन पशुवैद्यकानेच द्यावे आणि दोन इंजेक्शनांतले अंतर त्यांनीच ठरवावे.

'ड'ची या दिवसांत काळजी नको. जे ऊन चाऱ्यातले कॅरोटीन जाळते तेच वाळत्या पानात आणि जनावराच्या कातडीत 'ड' तयार करते. दिवसभर बंदिस्त गोठ्यात असलेल्या जनावरांना तेवढे सकाळी बाहेर बांधा. 'क' गाय स्वतः बनवते. कोंबडीही बनवते, पण कडक उन्हाळ्यात तिला ते कमी पडते, म्हणून दर किलो खाद्यात २०० ते २५० मिलिग्रॅम 'क' मिसळतात.

पाऊस पडला की जनावरे एकदम कोवळ्या गवतावर सोडू नका, त्यात पाणीच जास्त असते आणि हगवण लागली की साठा भरायचा राहतो. पहिला आठवडा सकाळी कडबा टाकून मग दोन-तीन तासच चारायला न्या, आणि लोणी पुन्हा पिवळे दिसेपर्यंत शेवग्याचा पाला चालू ठेवा.