मॅक्रोच्या चाचण्या: लाईन गेली तरी लॉग उरला पाहिजे

जिनिंगचा काटा, कृषी सेवा केंद्र, गावची पतसंस्था. विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी यांचे बरेच हिशेब अजून शीटवर चालतात, म्हणून लिब्रेऑफिस कॅल्कसाठी पायथनमध्ये मॅक्रो, म्हणजे शीटमधलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहिणाऱ्याला काम मिळतं. अडतं ते चाचण्यांपाशी.

आधी हिशेब शीटपासून वेगळा काढा. काट्याच्या पावतीवरून रक्कम काढणारं फंक्शन सेलला हात न लावता चाललं पाहिजे. भरलेली गाडी ४,३२० किलो, रिकामी १,९५०, म्हणजे कापूस २३.७० क्विंटल, दर ७,००० धरला तर १,६५,९०० रुपये. रिकामी गाडी भरलेलीपेक्षा जड, दराचा रकाना कोरा, असल्या भानगडीही इथंच तपासा. ऑफिस उघडावं लागत नाही, निकाल लगेच येतो.

मग ऑफिससकट चाचणी. सोफिस (लिब्रेऑफिस सुरू करणारी कमांड) सुरू करताना हेडलेस (खिडकी न उघडता चालणं) आणि नोरिस्टोर (जुन्या फायली परत न आणणं) हे दोन्ही पर्याय द्या, सॉकेट, म्हणजे चाचणीनं ऑफिसशी बोलायची वाट, २००२ पोर्टवर ठेवा. नोरिस्टोर द्यायचं राहून गेलं, तर लाईन जाऊन आल्यावर ऑफिस जुन्या फायली परत मिळवण्यात गुंतू शकतं. चाचणीसाठी यूझर प्रोफाइल (ऑफिसच्या सेटिंगचा फोल्डर) वेगळा हवा; नाहीतर आधीच उघडं असलेलं ऑफिस तुमची कमांड स्वतःकडे घेतं. पोर्ट तयार व्हायला वेळ लागतो: अर्ध्या सेकंदानं पुन्हा विचारा, ३० सेकंदांत नाही जमलं तर चाचणी नापास करून थांबा. फाईल उघडताना मॅक्रो एक्झिक्यूशन मोड ४ (न विचारता मॅक्रो चालवा) द्यायला विसरू नका, नाहीतर फाईलमधलं मॅक्रो चालतच नाही आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

आता लॉग, म्हणजे काय कधी घडलं याची नोंद. पायटेस्ट या पायथनच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनाचा जेयूनिट एक्सएमएल अहवाल सगळ्या चाचण्या संपल्यावर लिहिला जातो. मधेच लाईन गेली की हाती काहीच नाही. म्हणून साधी मजकूर फाईल हवीच, आणि तिच्यात प्रत्येक चाचणीच्या दोन ओळी:

१०:४२:०७ सुरू रक्कम_कोरा_दर
१०:४२:०८ पास रक्कम_कोरा_दर

‘सुरू’ आहे पण निकाल नाही, म्हणजे घोळ त्याच चाचणीत किंवा तेव्हाच मशीन बंद पडलं. लॉग फाईलमध्ये लिहिणारा पायथनचा फाईलहँडलर ओळ लिहिली की फ्लश करतो, म्हणजे ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतो, पण तेवढ्यानं ती डिस्कवर पोचली असं नाही. इन्व्हर्टर नसेल तर प्रत्येक ओळीनंतर पायथनच्या ओएस मॉड्यूलमधलं एफसिंक बोलवा, ते ओळ डिस्कवर लिहायला लावतं. चाचण्या थोड्या मंदावतील, चालेल.

लॉगरची मूळ पातळी वॉर्निंग (इशारा) असते, म्हणजे तिच्याखालच्या इन्फोच्या (साध्या माहितीच्या) ओळी दिसणारच नाहीत. पातळी स्वतः इन्फो ठेवा. एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहूनच द्या, विंडोजवर मराठी नावांपाशी लॉगिंग कोलमडतं ते बहुतेक यामुळेच.

पायटेस्ट संपताना ० परत आला तर सगळं पास, १ म्हणजे काही नापास, ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. नवखे या ५ कडे बघतच नाहीत. फाईलच्या नावाची सुरुवात ‘टेस्ट_’ अशी नसली की बहुधा हेच होतं. आणि बॅश या कमांड शेलमध्ये निकाल पाईपनं ‘टी’कडे (पडद्यावर दाखवून फाईलमध्येही लिहिणारी कमांड) पाठवत असाल, तर शेवटी मिळणारा आकडा ‘टी’चा असतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाईपफेल हा पर्याय लावा, मग पायटेस्टचं अपयश दडत नाही.