जर्मनीत पार्ट-टाइम पगारातून जादा टॅक्स कापला गेला तर

जळगाव-धुळ्याहून एक-दोन सेमिस्टरसाठी जर्मनीला जाणाऱ्यांनो, पहिलं पगारपत्रक नीट बघा. ‘श्टॉयरक्लासे’समोर, म्हणजे टॅक्सच्या वर्गासमोर, ६ असेल, तर पहिल्या युरोपासून कापणी होते. कारण बहुतेकदा एकच: मालकाकडे तुमचा अकरा आकडी टॅक्स आयडी पोचलेला नसतो.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, झाली की आयडी पोस्टाने येतो. चोपडा-यावलला पोस्टमन विचारत विचारत घर गाठतो; तिथे पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. माझं तेच झालं होतं. पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच आडनाव चिकटवा. पोटभाडेकरू असाल तर नोंदणीत घरमालकाचंही नाव ‘द्वारा’ म्हणून घाला. पत्र हरवलं तर पासपोर्ट घेऊन फिनान्झआम्टमध्ये, म्हणजे टॅक्स ऑफिसात, विचारा.

आयडी आणि जन्मतारीख मालकाला लेखी द्या, हीच मुख्य नोकरी आहे हेही लिहा. दुसरीकडे काम करत असाल तर तिथे सहावा वर्गच लागतो. कापलेले पैसे वर्षअखेरीच्या हिशेबात न सुटल्यास टॅक्स रिटर्न भरा. त्याला चार वर्षांची मुदत असते.

कामाचे दिवसही वहीत मांडा: मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या दिवसांची मर्यादा आहे. फ्रीलान्स काम मात्र परवानगीशिवाय घेऊ नका.