गूगल प्लेवर मराठी ॲप टाकताना: स्टोअर तुमच्या फाईलचं काय करतं
आपण एक फाईल चढवली आणि लोकांनी तीच उतरवून घेतली, असं गूगल प्लेवर आता होत नाही. ऑगस्ट २०२१पासून नव्या ॲपसाठी एपीके (फोनवर थेट बसणारी ॲपची फाईल) चालत नाही, ॲप बंडल (सगळ्या फोनांसाठीचा मालमसाला एकत्र असलेली फाईल) द्यावा लागतो. स्टोअर तो बंडल फोडतं. समोरच्या फोनचा प्रोसेसर, पडद्याची घनता आणि भाषा बघून त्या फोनपुरते एपीकेचे तुकडे निवडतं आणि स्वतःकडच्या डिजिटल किल्लीने सही करून पाठवतं. एवढं नीट समजलं की 'माझ्याकडे चालतं, लोकांकडे चालत नाही' या तक्रारींची कारणं सापडू लागतात.

मराठी ॲपला सगळ्यात जास्त चटका बसतो तो भाषेच्या तुकड्याचा. समजा, आरतीसंग्रहाच्या ॲपमध्ये तुम्ही 'मराठी / इंग्रजी' असं बटण दिलं आहे. आपल्याकडे असंख्य लोकांचा फोन इंग्रजीत असतो. अशा फोनला स्टोअर मराठीचा तुकडा पाठवतच नाही. मग वापरणारा 'मराठी' दाबतो आणि पडदा इंग्रजीच राहतो. अँड्रॉइड स्टुडिओतून (ॲप लिहिण्याच्या साधनातून) थेट फोनवर टाकलेल्या ॲपमध्ये सगळ्या भाषा असतात, म्हणून तुमच्या टेबलावर हा दोष कधीच दिसत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे ग्रेडल फाईलमधल्या (ॲप कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाईलमधल्या) 'बंडल' विभागात भाषेसाठीचा स्प्लिट, म्हणजे तुकडे पाडणं, बंद करणं. शब्दांच्या फाईली लहान असतात, आकारात फारसा फरक पडत नाही. ॲप मुख्यतः मराठी वाचकांसाठीच असेल तर मराठी मजकूर मूळ 'व्हॅल्यूज' फोल्डरमध्ये ठेवा आणि इंग्रजी वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळ फोल्डर प्रत्येक फोनला जातोच. मात्र ज्या भाषेची सोय तुम्ही केलेली नाही, त्या भाषेच्या फोनवरही मग मराठीच दिसेल.

दुसरी अडचण सहीची. तुमच्या संगणकावरची किल्ली असते अपलोडची. लोकांकडे जाणाऱ्या ॲपवर सही होते ती गूगलकडच्या ॲप-सायनिंग किल्लीने. दोन्हींचे ठसे, म्हणजे किल्ली ओळखणारे सांकेतिक आकडे, वेगळे. गूगल लॉगिन किंवा नकाशे ओळख पटवतात ती या ठशावरून. म्हणून घरी चालणारं लॉगिन स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये बंद पडतं. प्ले कन्सोलमध्ये (ॲप सांभाळायच्या गूगलच्या संकेतस्थळावर) ॲप सायनिंगच्या पानावर जा, तिथला एसएचए-१ ठसा उचला आणि फायरबेस किंवा क्लाउड कन्सोलमध्ये, म्हणजे लॉगिन-नकाशे जिथून चालू केले त्या गूगलच्या सेवेत, जोडा. अपलोडचा ठसाही राहू द्या. अपलोडची किल्ली हरवली तर कन्सोलमधून ती बदलून मागता येते. किल्ली तयार करताना मुदत किमान २५ वर्षांची ठेवा.

ॲप टाकणाऱ्याच्या डेव्हलपर खात्याची फी २५ डॉलर, एकदाच. १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आणखी एक पायरी आहे: बंद चाचणीत (फक्त निवडक लोकांना ॲप देण्यात) किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात, त्यानंतरच ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्ज करता येतो. नुसते ईमेल यादीत टाकून भागत नाही. प्रत्येकाने दुव्यावर जाऊन स्वतः होकार द्यायला हवा. दोघं-तिघं मधेच गळतात, म्हणून पंधरा-सोळा जण धरा. त्याआधी अंतर्गत चाचणीचा मार्ग वापरा: १०० जणांपर्यंत चालतो, लवकर पोचतो, आणि वरचे दोन्ही दोष तिथेच पकडता येतात, कारण ते ॲप स्टोअरमधूनच कापून आलेलं असतं.

स्टोअरच्या पानासाठी नाव ३० अक्षरांत, लहान वर्णन ८०, मोठं ४०००. देवनागरीत डोळ्यांनी मोजू नका. 'गणपती' चार अक्षरी दिसतो, पण युनिकोडमध्ये वेलांटी धरून पाच चिन्हं होतात. कन्सोलचा आकडा बघतच लिहा. ॲपचं चिन्ह (आयकॉन) ५१२ × ५१२ पिक्सेल, वरचं चित्र १०२४ × ५००. मराठीचं पान वेगळं जोडता येतं, जरूर जोडा.

गूगलच्या परीक्षणात अडकण्याचं एक अगदी आपल्याकडचं कारण म्हणजे मोबाईलवर येणारा ओटीपी. परीक्षकाकडे तुमचा ओटीपी पोचत नाही. कन्सोलमधल्या 'ॲप ॲक्सेस'मध्ये पुन्हा पुन्हा चालेल असा ठरावीक क्रमांक आणि ठरावीक ओटीपी लिहून द्या. डेटा सेफ्टीचा अर्ज (ॲप कोणती माहिती घेतं ते सांगणारा) भरताना जाहिरातींच्या आणि क्रॅश नोंदवणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतरांचे तयार कोड, काय गोळा करतात तेही धरा; तुमचा कोड काही घेत नसला तरी त्या घेतात. परीक्षणाला सात दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात. गणेश चतुर्थीला ॲप हवं असेल तर तीन आठवडे आधी पाठवा आणि 'मॅनेज्ड पब्लिशिंग' चालू ठेवा. मंजुरी आली तरी ॲप तुम्ही सांगाल त्या दिवशीच बाहेर पडेल.

आता ऑडिओचं. ॲपच्या मूळ भागाची डाउनलोड मर्यादा २०० एमबी आहे. १२८ केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण एक एमबी खातो; चार मिनिटांच्या पन्नास आरत्या म्हणजे जवळपास १९० एमबी. इतकं जड ॲप कमी जागेच्या फोनवर कोणी ठेवत नाही. फक्त आवाज असेल तर ६४ केबीपीएस मोनो बहुधा पुरतं आणि आकार निम्मा होतो. उरलेलं 'ॲसेट पॅक'मध्ये (ॲपसोबतच्या फाईलींच्या वेगळ्या गठ्ठ्यात) टाका आणि 'ऑन डिमांड', म्हणजे मागितल्यावरच उतरेल असं, ठेवा. आरती उघडल्यावर ती उतरेल. पॅक बदलायचा तर मात्र ॲपची नवी आवृत्ती काढावी लागते. रोज बदलणाऱ्या सामग्रीसाठी स्वतःचा सर्व्हरच बरा.

विक्रीचा नियम पक्का लक्षात ठेवा. ॲपमधली डिजिटल वस्तू विकायची तर प्ले बिलिंग (गूगलची स्वतःची पैसे घेण्याची सोय) जोडा. भारतात त्याच्या शेजारी दुसरा पर्यायही दाखवता येतो. पूजेचं साहित्य घरपोच देणार असाल तर ती खरी वस्तू आहे, तिथे यूपीआय घ्या, प्ले बिलिंग वापरायचं नाही. आणि एकदा मोफत म्हणून प्रसिद्ध केलेलं ॲप पुढे सशुल्क करता येत नाही.

सुधारित आवृत्ती एकदम सगळ्यांना देऊ नका. आधी ५ टक्के, दोन दिवस क्रॅशचे आकडे बघा, मग २०, मग ५०. ही सोय पहिल्या प्रकाशनाला मिळत नाही, फक्त सुधारणांना मिळते. घोळ दिसला तर वाटप थांबवा. ज्यांच्याकडे ती पोचली त्यांचं ॲप मात्र जुन्या आवृत्तीवर परत जात नाही. म्हणून जुनाच चांगला कोड घ्या, व्हर्जन कोड (आवृत्तीचा वाढत जाणारा क्रमांक) वाढवा आणि नवी आवृत्ती म्हणून पाठवा. व्हर्जन कोड एकेकानेच वाढवत चला: त्याची कमाल मर्यादा २१० कोटी आहे, आणि तारीख-वेळ जोडून मोठे आकडे बनवणारे तिथे अडकतात.